नव्या क्वार्टरबॅकचा पायगुण

ऑगस्ट संपत आला की न्यू जर्सीतल्या आमच्या घरी दोन याद्या एकाच टेबलावर पडलेल्या असतात. एक गणपतीच्या सामानाची, दुसरी फँटसी फुटबॉलच्या ड्राफ्टची. पहिलीवरून वाद होत नाही. दुसरीवरून दरवर्षी होतो, आणि त्यातला सर्वांत जुना वाद एकच: दोन नवखे क्वार्टरबॅक समोर असतील तर कोणाला घ्यायचं? माझ्या मेहुण्याचं उत्तर ठरलेलं असतं. "भाऊजी, एनएफएलने ज्याचं नाव आधी पुकारलं त्याला घ्या. बत्तीस संघ काय मूर्ख आहेत?"

हे मत एकट्या मेहुण्याचं असतं तर लेख लिहायची गरज नव्हती. ते बहुतेकांचं आहे, म्हणून त्याचा रीतसर समाचार घेतो.

आधी खेळाची रीत. ड्रीम इलेव्हनवर जो फलंदाज तुम्ही निवडता तोच आणखी लाखो लोक निवडू शकतात. अमेरिकेतल्या घरगुती लीगमध्ये तसं चालत नाही. दहा-बारा जणांच्या लीगमध्ये एक खेळाडू एकाच मालकाचा. म्हणून पाळीपाळीने निवड होते, आणि एकदा गेलेला खेळाडू गेलाच. क्वार्टरबॅक मैदानात फक्त एकच उतरवायचा, त्यामुळे चूक झाकायला जागा नसते.

पूर्वपक्ष

प्रतिपक्षाची बाजू दुबळी करून मांडण्यात अर्थ नाही. ती अशी आहे. एनएफएलच्या प्रत्येक संघाकडे वर्षभर कॉलेजचे सामने बघत फिरणारी माणसं असतात. उमेदवारांच्या मुलाखती होतात, वैद्यकीय तपासण्या होतात, एकेक फेक पुन्हा पुन्हा पाहिली जाते. एवढ्या खटाटोपातून एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीत, जो क्रम लागतो तो जाणकारांचा निवाडा. आपण संध्याकाळी चहा घेत लॅपटॉपवर तो उलटवायला बसणं म्हणजे आगाऊपणा. शिवाय ज्याच्यावर पहिला क्रमांक खर्च केला त्याला संघ बाकावर बसवून ठेवत नाही. दाखला 1998 चा. पेटन मॅनिंग पहिला, रायन लीफ दुसरा. मॅनिंगने पहिल्याच वर्षी 26 टचडाउन फेकले, लीफने 2.

दाखला खरा आहे. पण पहिला आणि दुसरा यांच्यात अंतर एका क्रमांकाचं होतं, आणि मैदानात पडलेलं अंतर जमीन-अस्मानाचं. म्हणजे हा दाखलाच सांगतो की क्रमांक फरकाचं माप देत नाही. कोण आधी, एवढंच तो सांगतो. किती आधी, आणि कशात आधी, हे नाही.

उत्तरपक्ष: प्रश्नच वेगळा

संघ क्वार्टरबॅक निवडतो तो दहा वर्षांसाठी. आपण निवडतो सतरा आठवड्यांसाठी. संघाला सामने जिंकायचे असतात, आपल्याला गुण मोजायचे असतात. दोन वेगळ्या प्रश्नांना एकच उत्तर लागू पडलं तर तो योगायोग.

2012 चा हंगाम घ्या. अँड्र्यू लक पहिला, रॉबर्ट ग्रिफिन तिसरा (हे "तिसरा" त्याच्या नावातलं) दुसरा. लकने 4,374 यार्ड फेकले, तो नवख्यांचा विक्रम ठरला. ग्रिफिनने फेकले 3,200. संघाच्या दृष्टीने लकला घेणाऱ्या इंडियानापोलिसची निवड चोखच होती. आदल्या वर्षी दोन सामने जिंकलेला संघ अकरा जिंकला. पण ग्रिफिनने पंधरा सामन्यांत 815 यार्ड धावून काढले, लकने 255. रूढ पद्धतीने गुण मोजले आणि निसटलेल्या चेंडूंची वजाबाकी बाजूला ठेवली, तर ग्रिफिनचे सुमारे 321 होतात, लकचे 286. आणि 75 व्या क्रमांकावर, तिसऱ्या फेरीत घेतलेल्या रसेल विल्सनचे? सुमारे 281. पहिला आणि पंचाहत्तरावा यांच्यात अख्ख्या हंगामात पाच गुणांचं अंतर.

त्या वर्षी मी लक घेतला होता. मेहुण्याचं ऐकून.

जानेवारी 2013 मध्ये ग्रिफिनचा गुडघा गेला आणि तो पुन्हा तसा कधी खेळला नाही. दहा वर्षांचा हिशेब मांडणाऱ्याला लक बरोबर, एका हंगामाचा मांडणाऱ्याला ग्रिफिन बरोबर. दोघंही आपापल्या प्रश्नाशी प्रामाणिक.

दरपत्रक वाचा

फँटसीचं दरपत्रक बहुतेक लीगमध्ये असं असतं: फेकलेल्या 25 यार्डांना एक गुण, धावलेल्या 10 यार्डांना एक. फेकीच्या टचडाउनला चार, धावून केलेल्याला सहा. इंटरसेप्शनला वजा दोन, कुठे वजा एक. म्हणजे पायाने काढलेला एक यार्ड हाताच्या अडीच यार्डांच्या भावाने खपतो. एनएफएलच्या सामन्यात यार्ड तो यार्ड. आपल्या बाजारात भाव वेगळा, आणि माल मात्र आपण त्यांच्या बाजारातली पाटी बघून उचलतो.

2024 इतका स्वच्छ दाखला क्वचित मिळतो. केलब विल्यम्स पहिला, शिकागो बेअर्सकडे. जेडन डॅनियल्स दुसरा, वॉशिंग्टनकडे. शिकागोने डी. जे. मूरच्या जोडीला कीनन ॲलन आणला होता, शिवाय नवव्या क्रमांकावर रोम ओडुंझे घेतला. एवढे झेलणारे असताना विल्यम्सला पर्यायच नाही, असं तेव्हा छातीठोकपणे सांगितलं जात होतं. हंगामाअखेर विल्यम्सचे फेकीचे यार्ड झाले 3,541 आणि डॅनियल्सचे 3,568. फरक 27 यार्डांचा, जेमतेम एका गुणाचा. पण डॅनियल्स धावला 891 यार्ड, म्हणजे फेकीच्या भावात सव्वादोन हजारांच्या आसपास, आणि धावून 6 टचडाउन केले. विल्यम्स धावला 489, धावून टचडाउन शून्य. गुणांचा हिशेब: डॅनियल्स सुमारे 350, विल्यम्स 258. त्या ब्याण्णवातले शहात्तर गुण निव्वळ पायांचे.

हे आधी कळण्यासारखं होतं का? होतं. लुइझियाना स्टेटच्या शेवटच्या वर्षी डॅनियल्स 1,134 यार्ड धावला होता. त्यात एक बारकावा आहे. कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकला चेंडूसकट मागे पाडलं की गेलेले यार्ड त्याच्या धावांतून वजा होतात, एनएफएलमध्ये होत नाहीत. म्हणजे हा आकडा वजाबाकीनंतरचा होता.

हेतू सव्यभिचारी

न्यायशास्त्रात "सव्यभिचार" नावाचा हेत्वाभास आहे. जो हेतू साध्य असेल तिथेही सापडतो आणि नसेल तिथेही, त्यावरून काही सिद्ध होत नाही. ड्राफ्टचा क्रमांक हा असा हेतू आहे. 2020 मध्ये जो बरो पहिला, टुआ टॅगोव्हायलोआ पाचवा, जस्टिन हर्बर्ट सहावा. त्या हंगामात 4,336 यार्ड आणि 31 टचडाउन फेकले हर्बर्टने. 2021 मध्ये पहिल्या ट्रेव्हर लॉरेन्सच्या 12 टचडाउनसमोर पंधराव्या मॅक जोन्सचे 22. 2023 मध्ये पहिला ब्राइस यंग 2,877 यार्डांवर थांबला, दुसरा सी. जे. स्ट्राउड एक सामना कमी खेळूनही 4,108 वर गेला.

मग पहिल्या क्रमांकाने कधी गुण दिलेच नाहीत का? दिले. 2011 मध्ये कॅम न्यूटनने, 2019 मध्ये कायलर मरीने. न्यूटन त्या वर्षी 706 यार्ड धावला आणि धावून 14 टचडाउन केले, हा क्वार्टरबॅकचा तेव्हाचा विक्रम. मरी धावला 544 यार्ड. पहिला क्रमांक जिथे खणखणीत वाजला, तिथे सोबत पाय होते.

आणखी एक गोष्ट पूर्वपक्ष सोयीने विसरतो. पहिल्या क्रमांकाचा हक्क मुळात आदल्या वर्षीच्या सर्वांत वाईट संघाला मिळतो. सर्वांत चांगला मुलगा सर्वांत पडक्या घरात जातो, असा हा नियम. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या नव्याकोऱ्या संघाने डेव्हिड कारला पहिला घेतला आणि त्याच हंगामात तो 76 वेळा पाडला गेला, तो आजही विक्रम आहे. विल्यम्स 2024 मध्ये 68 वेळा पाडला गेला. वाईट संघ नसेल तर हक्क विकत घ्यावा लागतो, आणि त्याचीही किंमत पडते. यंगसाठी कॅरोलायनाने आपला मुख्य झेलणारा डी. जे. मूरच शिकागोला देऊन टाकला, वर पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवडही दिली. कॅरोलायना दोनच सामने जिंकल्यामुळे ती निवड पहिल्या क्रमांकाची ठरली, आणि शिकागोने तिच्यावर विल्यम्स घेतला.

शंका आणि समाधान

शंका पहिली: धावणारा मोडतो. ग्रिफिन मोडला. 2023 मध्ये चौथ्या क्रमांकावर घेतलेला अँथनी रिचर्डसन चार सामन्यांत धावून चार टचडाउन करून खांद्याच्या दुखापतीने बाहेर गेला. हे मान्य. पण 2020 मध्ये बरोचा गुडघा तो जागेवर उभा राहून चेंडू फेकताना गेला. उभं राहणं म्हणजे सुरक्षित राहणं नव्हे. धोका पत्करायचा तर उपायही ठेवायचा: नवख्याच्या जोडीला बाकावर एक जुना, रोजच्या भाकरीसारखा क्वार्टरबॅक. बारा जणांच्या लीगमध्ये बारा उतरतात आणि एनएफएलमध्ये बत्तीस खेळतात, म्हणून तो स्वस्तात मिळतो.

शंका दुसरी: स्ट्राउड आणि हर्बर्ट फारसे धावले नाहीत, तरी गाजले. हेही खरं. पण त्यांच्या आधी दुसऱ्याचंच नाव पुकारलं गेलं होतं, म्हणून हे साक्षीदार मेहुण्याचे होत नाहीत. ते एवढंच सांगतात की हात अचाट असेल तर पायांवाचून भागतं. मात्र कोणाचा हात अचाट निघेल हे ऑगस्टमध्ये ओळखणं अवघड, आणि कोण धावतो हे ओळखणं सोपं.

शंका तिसरी माझी मलाच. जस्टिन फील्ड्स 2021 मध्ये शिकागोकडून 420 यार्ड धावला आणि तरी पहिल्या वर्षी कोणाच्या उपयोगी पडला नाही. कारण धावून टचडाउन दोनच, फेकीचे सात, आणि इंटरसेप्शन दहा. पुढच्या वर्षी शिकागोने त्याच्या पायांभोवती डाव रचले. तो 1,143 यार्ड धावला, आठ टचडाउन केले. संघ सतरापैकी तीनच सामने जिंकला, फील्ड्सचे मालक मात्र खुशीत होते. म्हणजे पाय असून भागत नाही, प्रशिक्षकाने ते वापरायला हवेत. मूळ सिद्धान्ताला ही दुरुस्ती मी आनंदाने जोडतो.

मंडन

तेव्हा क्रमांक फेकून द्यायचा का? नाही. त्याला त्याच्या जागी बसवायचं. क्रमांक दार उघडतो: खेळायला मिळेल का, या एका प्रश्नाचं उत्तर तो बऱ्यापैकी देतो. लमार जॅक्सन 2018 मध्ये पहिल्या फेरीचा अगदी शेवटचा, 32 वा. निम्मा हंगाम तो मुख्य क्वार्टरबॅक म्हणून उतरला नाही, तरी 695 यार्ड धावला. पुढच्याच वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण एका हंगामाच्या लीगमध्ये त्या वाटेकडे डोळे लावून बसण्यात फायदा नव्हता. म्हणून पहिला प्रश्न: पहिल्या रविवारपासून हाच उतरणार का? दोघांचं उत्तर "हो" असेल, तर क्रमांकाचं काम संपलं.

दुसरा प्रश्न पायांचा: कॉलेजात किती धावला, आणि गोलरेषेजवळ चेंडू त्याच्या हाती ठेवणारा प्रशिक्षक आहे का? तिसरा, समोरची फळी त्याला उभं राहू देते का? झेलणाऱ्यांची नावं यानंतर. शेवटी भाव: ज्याचं नाव मोठं तो दोन फेऱ्या आधी जातो, आणि त्या दोन फेऱ्यांत एक चांगला धावणारा गडी पदरात पडतो.

अचूकतेची भीती फार बाळगू नका. 2018 मध्ये पहिल्या क्रमांकाच्या बेकर मेफील्डच्या शंभरातल्या 64 फेकी अचूक पडत होत्या, सातव्या क्रमांकाच्या जॉश ॲलनच्या जेमतेम 53. ॲलनची तेव्हा टर उडवली जायची. तो 631 यार्ड धावला, धावून आठ टचडाउन केले. मेफील्डचं धावून एकही नाही. प्रत्येक सामन्यामागे दोघांचे गुण काढले तर मेफील्ड 17.3, ॲलन 17.5.

नवी सून घरात आली की तिचा पायगुण बघायची आपल्याकडची जुनी खोड. सुनेच्या बाबतीत ती केव्हाच सोडायला हवी होती. क्वार्टरबॅकच्या बाबतीत मात्र अवश्य धरा.