दसऱ्याचं फूल आणि बिदरचं अंगण

गोव्यातल्या दत्तभक्तांना कलबुर्गी जिल्हा माहीत असतो तो गाणगापूरमुळे. शेजारचं बिदर आपल्या इतिहासात येतं ते महमूद गावानच्या नावाने. बहमनी राज्याच्या या वजिराने 1472 साली गोवा जिंकला आणि त्याच सुमारास बिदरात आपला प्रसिद्ध मदरसा उभारला. या दोन मुलखांना जोडणारा आणखी एक धागा आहे, तो अंगणातल्या फुलांचा. त्याच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही.

युरोप-अमेरिकेत शरद ऋतूत झाडांची पानं रंगतात. आपल्याकडे पानं हिरवीच राहतात आणि रंग येतो तो फुलांतून. बिदरचं पठार जांभ्याचं, म्हणजे आपल्या चिऱ्यांच्याच जातीचं; पण पाऊस आपल्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याचा. तिथून कलबुर्गीकडे उतरलं की काळी जमीन लागते. पंधराव्या शतकात अहमदशहा बहमनीने राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला हलवली. इथे बागा फुलवायच्या तर पाणी हवं, म्हणून इराणी पद्धतीचे भुयारी कालवे जांभ्यात खोदले गेले. त्यांना 'करेझ' म्हणतात. नौबादची करेझ आजही पाहता येते. किल्ल्यात लालबाग होती, कारंजी होती. पुढे सत्ता गेली, देखभाल थांबली, कालव्यांत गाळ साचला आणि राजाच्या बागेचा तोरा ओसरला.

अंगणातला रंग मात्र ओसरला नाही, कारण त्याला करेझ लागतच नव्हती. पावसावर वाढायचं आणि पाऊस सरता सरता फुलायचं, हा त्या झाडांचा धर्म. माळावरचा पिवळाधम्मक तरवड आणि शेताच्या बांधावरचा गुलाबी-पांढरा कुरडू, ही त्यांतली जुनी मंडळी. बिदरच्या सीमेला लागून असलेल्या तेलंगणात याच दोन फुलांचे थर रचून नवरात्रात बतुकम्मा मांडतात. तिथे तरवडाला तंगेडू म्हणतात, कुरडूला गुनुगू.

आणि झेंडू? तो तर दसऱ्याचा राजा! पण हा राजा परदेशी आहे. त्याचं माहेर मेक्सिको. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून तो भारतात आला. महमूद गावानला 1481 साली ठार मारण्यात आलं. म्हणजे त्याने झेंडू पाहिलाच नसणार. गाणगापूरला नृसिंह सरस्वतींच्या काळात झेंडूची माळ कोणी वाहिली नसणार. आज त्याच्याविना एकही तोरण पुरं होत नाही.

मला यातली खरी गंमत वाटते ती नावांची. कानडीत तो 'चेंडू हूवू', तेलुगूत 'बंती पुव्वू'. दोन्हींचा अर्थ एकच, चेंडूसारखं फूल. पूर्वापार नाव नव्हतं, तेव्हा लोकांनी आकार पाहून बारसं केलं. आपण गोव्यात म्हणतो 'रोजां'. हा शब्द थेट पोर्तुगीज 'रोझा'शी नातं सांगतो. ज्या किनाऱ्याला फूल उतरलं त्या किनाऱ्याने त्याच्याबरोबर आलेला शब्दही ठेवून घेतला. घाट चढून पठारावर गेलेल्या फुलाला मात्र तिथल्या माणसांनी आपल्या भाषेत हाक मारली. कागदपत्रांत न सापडणारा इतिहास असा फुलवालीच्या तोंडी सापडतो.

शरदासाठी अंगण रंगवायचं असेल तर सीमाभागातली ही निवड आपल्यालाही उपयोगी आहे. कुंपणाशी तरवड लावावा, एकदा रुजला की त्याचे लाड करावे लागत नाहीत. झेंडूचं बी पेरल्यापासून साधारण दोन-सव्वादोन महिन्यांत फूल धरतं. म्हणून दसऱ्याचा हिशेब श्रावणाच्या आसपासच करायला हवा. रोप हातभर वाढण्याआधी शेंडा खुडला की फांद्या फुटतात आणि फुलंही जास्त येतात. आपल्या पावसात मुळं कुजतात, तेव्हा वाफा उंच हवा. मागच्या बाजूला कुरडू किंवा त्याचा भाऊबंद कोंबडा, आणि पुढे शेवंती. शेवंती रात्री लांबू लागल्या की कळ्या धरते. म्हणून तिला रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात लावू नये, फुलणं लांबतं.

हल्ली दारांवर प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा दिसतात. वर्षभर त्याच टिकतात, धुऊन पुन्हा लावता येतात. त्यांना ऋतू नाही, आणि म्हणून आठवणही नाही. आपलं-परकं हा वाद फुलांपुरता तरी मला निरर्थक वाटतो. मेक्सिकोचं रोप पाचशे वर्षांच्या आत आपल्या देवांच्या गळ्यात जाऊन बसलं, ते कोणाच्या हुकमाने नव्हे. पाऊस सरताना त्याने दारात रंग दिला म्हणून. ज्या वर्षी अंगणात एकही रोप नसेल, त्या वर्षी 'रोजां' हा शब्दही थोडा पुसट होईल.