शिधा, डबा आणि पंगत

आम्ही घाटघरच्या बचत गटाच्या बाया. आज जेवणाबद्दल बोलणार आहोत, पण पाककृती सांगणार नाही. त्या तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त येतात.

आमच्या गटाचा कार्यक्रम असला की जेवण एकीच्या घरी व्हायचं. मग ती बाई पहाटे चारला उठणार, दोन जणी मदतीला, बाकीच्या सतरंजीवर. म्हणून एका महिला दिनाला ठरवलं की यंदा कुणा एकीवर भार नको. प्रत्येकीने घरून एकेक पदार्थ डब्यात आणायचा. शाळेत आपण याला अंगतपंगत म्हणायचो. शहरातल्या सोसायट्यांमध्ये हल्ली पॉटलक म्हणतात.

आम्ही बावीस जणी होतो. नऊ डब्यांत बटाट्याची भाजी निघाली, भात एकीनेही आणला नव्हता. एकीने जुन्नरहून विकतची बुंदी आणली, त्यामुळे जिच्याकडे नुसता ठेचा होता तिने तो पिशवीतून काढलाच नाही. भाषणं लांबली आणि मार्चच्या उन्हात कोशिंबीर आंबली. शिवाय प्रत्येकीने सकाळी घरच्यांचा स्वयंपाक केलाच होता, वरून हा डबा. म्हणजे भार वाटून घेतला म्हणता म्हणता बावीस जणींचं काम वाढलं. यावर आम्ही खूप हसलो.

एका गोष्टीवर मात्र कुणी हसलं नाही. वाडीवरच्या एका बाईने नाचणीच्या भाकरी आणि हुलग्याचं पिठलं आणलं होतं. तिची जात आम्ही इथे सांगत नाही, तुमच्या गावात ती कोण असेल ते तुम्हाला कळलंच असेल. तिचा डबा सगळ्यांमधून फिरला. प्रत्येक जण म्हणाली, "पोट भरलं बाई." डबा भरलेला परत गेला. जाताना तिने ते पिठलं-भाकरी वाटेत शेळ्यांना घातलं, असं नंतर कळलं.

तिथून आमच्या गटात बोलणं सुरू झालं. आमच्यातल्या एकीने बी.ए.ला इतिहास घेतला होता. तिने जुनी पुस्तकं काढली, म्हाताऱ्या बायांना विचारलं, आणि सगळ्यांनी मिळून हे जुळवलं.

आपल्याकडे गावजेवण पूर्वीपासून आहे. सप्ताह असो की भंडारा, घरटी शेर-दोन शेर तांदूळ, डाळ, गूळ गोळा होतो. एका जागी चूल पेटते, आमटी-भात शिजतो, पंगत बसते. आम्हाला वाटायचं, हे किती समतेचं! सगळ्यांचे दाणे एकाच भांड्यात. पण शिधा कोरडाच का घ्यायचे? कारण कोरडा दाणा कुणाच्याही घरचा चालायचा. त्याला पाणी लागलं, मीठ लागलं, चूल लागली की तो कुणाच्या हातचा ते बघायचे. दाणे एकत्र, पण रांधणारे हात ठरलेले, आणि पंगतीही वेगवेगळ्या. वरच्या जातीला दान द्यायचं ते कोरड्या शिध्याचं. गावकुसाबाहेरच्यांना मिळायची ती शिजलेली, बहुतेकदा शिळी भाकर. कोरडं खालून वर जायचं आणि शिजलेलं वरून खाली यायचं. उलट जाताना आम्हाला कुठे सापडलं नाही. म्हणूनच १९२७ साली मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना सांगितलं की उष्टं-शिळं घेणं सोडा. लोकांनी चवदार तळ्याचं पाणी घेतलं, आणि मग मंडपात जेवणाऱ्यांवर हल्ला झाला. शिजलेलं अन्न मातीत गेलं. तळ्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, त्या अन्नाची आम्ही पहिल्यांदाच वाचली.

मग कुणीतरी गोपाळकाल्याची आठवण काढली. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपूरला काला होतो, आपल्या सप्ताहाचा शेवटही काल्याच्या कीर्तनाने होतो. गोष्ट तुम्हाला पाठ आहे. गवळ्यांच्या पोरांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कृष्णाने सगळ्या एकत्र कालवल्या आणि घास वाटले. आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "अगं, कालवलं म्हणून जमलं. तुम्ही डबे वेगळे ठेवलेत." त्यांचं बरोबर होतं. काल्यात दही कुणाचं, लाह्या कुणाच्या, ते ओळखू येत नाही. आमच्या डब्यांवर मात्र नावं कोरलेली होती, लग्नातल्या भांड्यांवर असतात तशी. डबा पुढे आला की माणूस दिसतं, आणि नाही म्हणायला सोपं जातं.

एकनाथ महाराजांची कथाही कीर्तनात ऐकतो आपण. सोळाव्या शतकातलं पैठण. नाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक चालला होता. वास बाहेर गेला, रस्त्याने जाणाऱ्या गावकुसाबाहेरच्या कुटुंबाला तो आला. नाथांनी त्यांना बोलावून जेवू घातलं. मग ब्राह्मणांसाठी पुन्हा स्वयंपाक झाला, तरी ते जेवायला आले नाहीत. कथेत मोठेपणा नाथांचा सांगतात, तो आहेच. आम्हाला आठवली गिरिजाबाई. श्राद्धाचा एवढा स्वयंपाक तिने एका दिवसात दोनदा केला! पण या कथेतही अन्न नाथांच्या घरचं, जेवणारे खालचे. डबा खालून वर आला तर काय होतं, ते बघायला कोल्हापूरला जावं लागतं.

गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मार बसला होता. शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली. दुकान निघालं, पण गिऱ्हाईक फिरकेना. दलिताच्या हातचा चहा कोण पिणार? मग महाराजांनी तिथे आपली गाडी थांबवायला सुरुवात केली. भर रस्त्यात स्वतः चहा घ्यायचे आणि बरोबरच्यांनाही पाजायचे. आम्हाला ही गोष्ट सगळ्यात जवळची वाटली. महाराजांना कांबळ्यांना पैसे देऊन घरी बसवता आलं असतं, त्यांनी तसं केलं नाही. त्यांच्या हातचं घेतलं.

आणि शिकलेली माणसं सुटली होती असं समजू नका. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक असे मोठे लोक तिथे होते. नावं वर्तमानपत्रात छापून आली, वाद शंकराचार्यांपर्यंत गेला, आणि पुढे रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. एका कपाएवढ्या चहासाठी! रमाबाई रानड्यांच्या आठवणींत हा प्रसंग आहे. गावच्या वाचनालयात पुस्तक असेल तर बायांनी वाचावं.

हे फार जुनं झालं म्हणाल, तर शाळेची खिचडी घ्या. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शाळेत मुलांना शिजवलेलं अन्न द्या. २००४ साली पुन्हा सांगावं लागलं की स्वयंपाकाच्या कामात दलित आणि आदिवासी बायांना प्राधान्य द्या. हे कोर्टाला का सांगावं लागलं, ते खिचडी शिजवणाऱ्या गटांनी आपसात बोलून बघावं.

गटात एक मत असं पडलं की या डब्यांपेक्षा आपली घरची पंगतच बरी. सणाला, जावळाला, घरात सगळे जमतात, मासवडीचा बेत असतो, एका हातची चव, गरम वाढणं, आग्रह. डब्यातल्या गार पुरीला ती सर नाही, हे आम्हीही मानतो. पण त्या मासवडीचं सारण कुटायला, बेसन घोटायला, वड्या थापायला कोण असतं? पहिली पंगत पुरुषांची, दुसरी पोरांची नि पाहुण्यांची. बायका बसतात तेव्हा रस्सा पातळ झालेला असतो आणि वड्यांचे तुकडे उरलेले असतात. इथून जवळच नाणेघाटात नागनिका राणीचा लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, कार्षापण सगळं आकड्यांनी लिहिलंय. रांधणाऱ्या हातांचा हिशोब आम्हाला त्यात दिसला नाही. घरची पंगत प्रेमाची असते, खरं आहे, पण ते प्रेम एकटीच्या कंबरेवर उभं असतं. आणि घरच्या पंगतीला घरचेच येतात. वाडीवरची ती बाई तिथे येणारच नाही, म्हणजे प्रश्नच उठणार नाही. कदाचित म्हणूनच आम्हाला ती बरी वाटत असावी.

शेवटी आम्ही दोघीजणी तिच्या घरी गेलो. चूक झाली म्हणालो. ती म्हणाली, "मला माहीत होतं ताई. तुम्ही आग्रह केला म्हणून आणलं." पुढे काय बोलावं ते आम्हाला सुचलं नाही. तिने चहा केला, आम्ही घेतला.

मग असं ठरलं की डबे बंद. शिधा आणायचा, ज्याच्या घरात जे असेल ते, वाटीभर असलं तरी चालेल, आणि कुणी किती आणलं ते वहीत लिहायचं नाही. चूल एकच, अंगणात. पण जुन्या शिध्याची खोड आता ठाऊक झाली होती, म्हणून कोण काय रांधणार ते चिठ्ठ्या उडवून ठरवायचं. चिरणं, निवडणं, भाकरी, आमटी, भांडी, सगळ्याच्या चिठ्ठ्या. ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, पहिल्यांदा तसं केलं. भाकरीच्या तीन चिठ्ठ्यांपैकी एक तिच्या नावाची निघाली. ती आधी उठेना. आजींनी परात तिच्यापुढे सरकवली.

तिच्या भाकरी पातळ होतात आणि सगळ्या फुगतात. त्या दिवशी दोघींनी उपास असल्याचं सांगितलं. कुठल्या देवाचा, ते आम्ही विचारलं नाही. बाकीच्या जेवलो. भांडी घासताना त्या दोघींपैकी एकीने टोपलीत उरलेली भाकरी मोडली आणि उभ्या उभ्या ठेच्याबरोबर खाल्ली. दुसरी अजून घरून जेवूनच येते. पुढचा स्वयंपाक हिरड्याचे पैसे हातात आले की करायचा आहे, आणि चिठ्ठ्यांच्या डब्यात तिचंही नाव टाकलेलं आहे.