वॉकीटॉकी स्कॅनवर असूनही हाक का चुकते? चॅनेलची यादी अशी लावा

ठाणे : टेंभी नाक्यावरची दहीहंडी असो, नवरात्रातली दुर्गेश्वरी देवीची गर्दी असो की मुरबाड तालुक्यातली म्हसा यात्रा, एकाच टॉवरवर हजारो मोबाईल आले की फोन लागेनासा होतो. अशा वेळी स्वयंसेवकांना वॉकीटॉकीचा आधार असतो. पार्किंग, रांग, मंडप, प्रथमोपचार असे वेगवेगळे चॅनेल ठरवले जातात. नियंत्रणावर बसलेल्या एकाच माणसाला हे सगळं ऐकायचं असतं, म्हणून तो सेट 'स्कॅन'वर टाकतो.

अडचण इथेच होते. पार्किंगवाले दिवसभर बोलत असतात. प्रथमोपचाराचा चॅनेल मात्र तासन् तास मुका असतो आणि बोलतो तेव्हा कोणाच्या तरी जिवावर बेतलेलं असतं. नेमकी तीच हाक निसटते.

स्कॅन कसा चालतो?

स्कॅनवर सेट एका वेळी एकच चॅनेल ऐकतो. यादीतल्या क्रमाने पुढे जातो, आवाज आला की थांबतो, बोलणं संपलं की काही सेकंद वाट बघून पुढे सरकतो. कालव्याच्या पाळीसारखंच आहे हे. वरच्याने दार बंदच केलं नाही, तर टेलचा शेतकरी कोरडाच राहतो.

हिशोब करून बघा. यादीत १६ चॅनेल आहेत आणि सेट सेकंदाला ४ चॅनेल बघतो असं धरलं, तर सगळे शांत असताना एक फेरी ४ सेकंदांत होते. पण पार्किंगवर १५ सेकंद बोलणं झालं आणि नंतर सेट ५ सेकंद थांबला, तर २० सेकंद तिथेच गेले. तेवढ्यात "गोविंदा पडलाय, स्ट्रेचर पाठवा" ही ५ सेकंदांची हाक येऊन गेलेली असते.

यादी लावताना काय करावं?

१. आधी नोंद ठेवा. तालमीच्या दिवशी कोणता चॅनेल किती वेळा बोलतो, ते वहीत लिहा. जास्त बोलणारे, कमी बोलणारे आणि क्वचित पण महत्त्वाचे असे तीन गट करा.

२. बडबड्या चॅनेलला स्कॅनमधून काढा. बहुतेक सेटमध्ये स्कॅन करताना चॅनेल वगळायची सोय असते. पार्किंग ऐकायला दुसरा माणूस, दुसरा सेट द्या.

३. यादी लहान ठेवा. रिकामे, न वापरले जाणारे चॅनेल उडवा. ६ चॅनेलची फेरी १६ पेक्षा लवकर होते.

४. प्राधान्य चॅनेल लावा. काही सेटमध्ये 'प्रायॉरिटी' असते. दुसरीकडे बोलणं चालू असलं तरी सेट मधूनमधून त्या चॅनेलवर डोकावतो. तिथे प्रथमोपचार टाका. ही सोय नसेल, तर तोच चॅनेल यादीत दोन-तीन ठिकाणी भरा.

५. थांबण्याची पद्धत बघा. बोलणं संपेपर्यंत थांबायचं की ठराविक सेकंदांनी पुढे जायचं, हे काही सेटमध्ये ठरवता येतं. बडबड्या चॅनेल यादीत ठेवावाच लागला, तर दुसरी पद्धत निवडा.

६. खरखर बंद करा. स्क्वेल्च फार कमी ठेवला, तर सेट नुसत्या खरखरीवर अडकतो. फार वाढवला, तर लांबचा बारीक आवाज कापला जातो.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे महत्त्वाच्या चॅनेलसाठी स्कॅन नसलेला वेगळा सेट. तो फक्त तेवढंच ऐकेल.

शांत आहे की बंद पडलाय?

मुका चॅनेल म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. बॅटरी संपलेली असेल, नाहीतर दोन सेटचे टोन जुळत नसतील. टोन चुकला तर समोरचा बोलत असूनही आवाज येत नाही. म्हणून दर अर्ध्या तासाने प्रत्येक चॅनेलवर हजेरी घ्या. उत्तर आलं नाही, तर माणूस पाठवा. हाक मारणाऱ्यालाही सांगून ठेवा : एकदा बोलून थांबायचं नाही, उत्तर येईपर्यंत थोड्या थोड्या वेळाने पुन्हा बोलायचं. पहिली हाक चुकली तरी दुसरी सापडते.

कायदा काय म्हणतो?

कुठलाही सेट घेऊन वापरता येत नाही. कमी पल्ल्याच्या हातातल्या सेटसाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा २०१८ पासून परवानामुक्त आहे. सेट मात्र मान्यताप्राप्त हवा. ऑनलाईन मिळणारे बरेच सेट या पट्ट्याबाहेरही चालतात आणि त्यांना परवाना लागतो. घेताना पट्टा आणि मान्यता दोन्ही विचारा. हॅम रेडिओसाठी केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. पोलीस, अग्निशमन, विमानतळ यांचे चॅनेल स्कॅनमध्ये भरू नका. ते ऐकायची परवानगी आपल्याला नाही.

उत्सवाच्या आदल्या दिवशी एक चाचणी जरूर घ्या. पार्किंगवाल्याला सतत बोलायला लावा आणि त्याच वेळी प्रथमोपचारावरून एक छोटी हाक द्या. नियंत्रणावर ती ऐकू आली नाही, तर यादी तिथल्या तिथे बदला.