वर्ध्याकडची सपरी

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला, तर त्याचं कुणाला नवल वाटत नाही. पुढच्याच महिन्यात पाऊस कोसळतो आणि काळ्या मातीचा चिखल गुडघ्याला लागतो. या दोन्ही ऋतूंत घर राहण्याजोगं ठेवायचं, तर दारापुढं सावलीचा एक पट्टा हवा, हे इथल्या शेतकऱ्यानं फार आधी ओळखलं होतं. तो पट्टा म्हणजे सपरी. लाकडी खांब, वर कवेलू, खाली शेणानं सारवलेली जमीन आणि अंगणात उतरणाऱ्या एकदोन पायऱ्या. पुण्याकडचा माणूस हिलाच ओसरी म्हणेल.

सपरीला काम भरपूर. खाट टाकून दुपारची झोप इथंच, धान्य पाखडणं इथंच, आणि दिवाळीनंतर वेचणीचा कापूस घरात मावेनासा झाला, की त्याचा ढीगही इथंच. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी सजवून पोरं दारोदार निघतात, तेव्हा त्यांच्या नंदीची पूजा होते आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, हातावर पडतो, तोही सपरीतच.

पण ही जागा सगळ्यांसाठी सारखी नव्हती. मालगुजाराच्या वाड्यात बैठकीवर कोण टेकणार, पायरीशी कोण थांबणार आणि अंगणातूनच कोण बोलणार, हे जातीनं ठरलेलं असे. घराचा सर्वांत मोकळा भाग म्हणजे गावाच्या उतरंडीचा नकाशाच होता.

त्या नकाशाला धक्का बसला तो वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवरच्या शेगावात. दलित वस्ती मोठी असलेल्या या खेड्यात मीराबेन आधीच येऊन राहिल्या होत्या. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तिथं पोचले. जमीन जमनालाल बजाजांची. झोपडीवर कमीत कमी खर्च व्हावा, तो शंभर रुपयांच्या वर जाऊ नये, असं गांधीजींनी त्यांना आधीच लिहून कळवलं होतं. साहित्यही आसपासचंच वापरायचं ठरलं: माती, बांबू, लाकूड, कवेलू. आधी आदि निवास उभं राहिलं. गांधीजी, कस्तुरबा, पाहुणे, सहकारी असे सगळे त्या एका छपराखाली. कस्तुरबांना आडोसाच उरेना, तेव्हा जमनालालजींनी त्यांच्यासाठी बा कुटी बांधून दिली. याच नावाच्या दुसऱ्या शेगावाशी टपालाचा घोळ होऊ लागला, म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं.

आज जी बापू कुटी म्हणून ओळखली जाते, ती मुळात मीराबेनची झोपडी. ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याच्या या मुलीनं मातीच्या भिंतींवर ताडाची झाडं आणि चरखा हातानं उठवला. मात्र घराचा सांगाडा तिनं इथल्या शेतकऱ्याकडूनच घेतला. छपराची वळचण इतकी खाली येते, की उंच माणसाला थोडं वाकूनच आत शिरावं लागतं. त्या खाली उतरलेल्या कडेमुळं उन्हाची तिरीप भिंतीपर्यंत पोचत नाही आणि पावसाच्या झडीनं माती विरघळत नाही. म्हणजे तिथली ओसरी शोभेसाठी नाहीच. ती काढली, तर मातीची भिंत चार पावसाळे टिकायची नाही.

या ओसरीवर काँग्रेसचे नेते आले, परदेशी पत्रकार आले आणि गावातले लोकही आले. सगळ्यांना बैठक एकच, जमिनीवरची चटई. महारोगानं पीडित संस्कृत पंडित परचुरे शास्त्री आश्रमात आले, तेव्हा गांधीजींनी आपल्या कुटीजवळच त्यांच्यासाठी झोपडी उभारली आणि त्यांच्या अंगाला स्वतः मालिश केलं. सावली शेतकऱ्याच्या सपरीतही होती. मज्जाव मात्र इथं उरला नाही.

जानेवारी १९७८ मध्ये विचारवंत इव्हान इलिच सेवाग्रामला एका परिषदेच्या उद्घाटनासाठी आले. बापू कुटीत बसून त्यांनी तिथल्या जागा मोजल्या, त्या सात भरल्या. पहिली होती चपला काढून मनानंही आत येण्याची तयारी करायची जागा. उघडी ओसरी त्यांनी वेगळी धरली होती. बाहेरून आत येण्याला टप्पे असावे लागतात, हे त्या मोजणीतून त्यांनी नेमकं टिपलं.

जिल्ह्यात आता स्लॅबची घरं आली. दर वर्षी कवेलू चाळून छप्पर शाकारायचा त्रास गेला, वाळवी आणि गळतीही गेली. ही सोय नाकारण्यात अर्थ नाही. पण दारापुढची जागा मोटारसायकलीनं घेतली, तिच्याभोवती लोखंडी ग्रिल आली, आणि छज्जा इतका आखूड आणि इतका उंच झाला, की मेमध्ये त्याची सावली पायाखालीसुद्धा पुरत नाही. पाहुणा बाहेर घंटी दाबून तापत उभा राहतो.

नवं घर बांधणाऱ्यानं नकाशा मंजूर करण्याआधी एक दुपार सेवाग्रामला काढावी. खाट आडवी टाकून बाजूनं माणूस जाईल एवढी रुंदी, पश्चिमेकडं खाली उतरलेली कड, टेकायला हातभर रुंद कट्टा आणि चपलांसाठी सावलीतला कोपरा, इतकं मोजून आणलं तरी पुरे. सिमेंटच्या घरालाही ते जमतं, आणि खर्चही फार वाढत नाही.