फ्लॉरेन्सला जाणाऱ्यांसाठी एक थांबा

परवा दिवाळीला मुलगा आणि सूनबाई पुण्याहून नशिराबादला आले होते. थंडीची चाहूल लागली होती, त्यामुळे शेतात भरिताचा बेत झाला. भरीत आणि कळण्याची भाकरी पोटभर खाऊन आम्ही रात्री ओट्यावर बसलो. तिथे सूनबाईने लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "अप्पा, आमचा एप्रिलचा बेत दाखवते."

लग्नाला वीस वर्षे होताहेत म्हणून दोघे इटलीतल्या फ्लॉरेन्सला जाणार आहेत. चारच दिवस, पण झोकात. आर्नो नदीकाठचे हॉटेल, खिडकीतून नदी दिसली पाहिजे. मायकेलअँजेलोचा डेव्हिड, उफिझीमधली चित्रे, ब्रुनेलेस्कीच्या घुमटावर चढणे. संग्रहालये सोमवारी बंद असतात म्हणून सोमवारी फक्त खरेदी आणि खाणे. कोणत्या संध्याकाळी कोणता पोशाख, हेसुद्धा ठरलेले! आमच्या वेळी शाळेची सहल काढताना मी एवढी आखणी केली असती तर अर्धी मुले अजिंठ्यात हरवली नसती.

मी चष्मा लावून सगळे कागद वाचले. मास्तरची खोड. त्यात प्रवासविम्याचा कागद होता. व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा विमा लागतो, आणि त्यात एक कलम असते, मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी पोचवण्याच्या खर्चाचे. मी तिथे थांबलो. मुलगा म्हणाला, "अप्पा, ते कोणी वाचत नाही हो."

बरोबर आहे. कोणी वाचत नाही. पण फ्लॉरेन्स आणि हे कलम एकाच कागदावर पाहून मला कोल्हापूरचे राजाराम महाराज आठवले.

मी छत्तीस वर्षे इतिहास शिकवला. कोल्हापूर म्हटले की ताराराणी सांगायचो आणि तिथून एकदम शाहू महाराजांवर यायचो. मधले हे राजाराम महाराज अभ्यासक्रमात नव्हते, म्हणून माझ्या तोंडातही कधी आले नाहीत. त्याची आज थोडी लाज वाटते.

हे दत्तक गेलेले. १८६६ साली गादीवर आले तेव्हा वय अवघे सोळा. इंग्रजी शिकलेले, वाचनाची आवड असलेले. १८७० च्या मे महिन्यात ते मुंबईहून बोटीने युरोपला निघाले. ते वर्षही ध्यानात घेण्यासारखे आहे. सुएझचा कालवा नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला झालेला. मार्च १८७० मध्ये जबलपूरला लोहमार्ग जोडले गेले आणि मुंबई-कलकत्ता रेल्वे आपल्या भुसावळवरून सुरू झाली. आमच्या भादली स्टेशनातून जाते तीच ही लाइन. त्याच वर्षी समुद्राखालची तारही मुंबईला येऊन लागली. जग एकदम जवळ आले होते. मात्र समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, ही समजूत अजून घट्ट होती. छत्रपतींच्या गादीवरच्या वीस वर्षांच्या तरुणाने ती मोडून निघणे ही लहान गोष्ट नव्हती.

लंडनमध्ये त्यांनी पार्लमेंटचे कामकाज पाहिले, राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, आणि इंग्रजीत डायरी लिहिली. बरोबर असलेल्या कॅप्टन वेस्ट यांनी ती पुढे १८७२ साली लंडनला छापली. मेजवान्या आणि मानपान होतेच, पण पाहिलेले टिपून ठेवायचे हा विद्यार्थ्याचा गुणही होता.

परतायच्या सुमारास युरोपात युद्ध पेटले होते. सप्टेंबरपासून पॅरिसला प्रशियाच्या फौजांचा वेढा होता. महाराज आल्प्स ओलांडून इटलीत उतरले, पण वाटेतच प्रकृती बिघडली होती. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. तिथल्या हॉटेलात ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. बोट गाठायची आणि घरी जायचे, एवढेच उरले होते.

आता प्रश्न अंत्यसंस्काराचा. कॅथलिक देश, तिथे दफनाचीच रीत. इटलीतले पहिले आधुनिक दहनगृह मिलानला १८७६ साली झाले, म्हणजे त्यानंतर सहा वर्षांनी. बरोबरच्या माणसांनी दहनाचा आग्रह धरला. दोन नद्यांचा संगम हवा होता. शहराच्या पश्चिमेला कासिने नावाचा मोठा बाग आहे, त्याच्या टोकाला मुन्योने ही छोटी नदी आर्नोला मिळते. नगरपालिकेने परवानगी दिली आणि रात्रीच्या वेळी तिथे चिता पेटली. अस्थी मायदेशी आणण्यासाठी वेचून घेतल्या, उरलेली राख आर्नोच्या पाण्यात गेली.

१८७४ साली त्या जागी स्मारक उभे राहिले. छत्री मेजर चार्ल्स मँट यांनी आखलेली. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी आखला तेच हे. छत्रीखाली फुलर या शिल्पकाराने घडवलेला महाराजांचा रंगीत अर्धपुतळा, आणि चौथऱ्यावर चार भाषांतले लेख. पुढे १९७८ मध्ये शेजारी आर्नोवर मोठा पूल झाला, त्याचे नाव 'पोन्ते आल्लिंदियानो', म्हणजे भारतीयाजवळचा पूल. रोज त्यावरून गाड्या नेणाऱ्या किती जणांना तो भारतीय कोण हे माहीत असेल? पण नाव राहिले.

मला वाटते, एखादे शहर कसे आहे हे तिथल्या घुमटावरून कळतेच, पण दारात आलेल्या परक्यावर वेळ आली तेव्हा ते कसे वागले, यावरून जास्त कळते. फ्लॉरेन्स त्या रात्री बरे वागले.

हे सगळे मी ओट्यावर सांगितले. मुलगा म्हणाला, "अप्पा, चारच दिवस आहेत, ते पार टोकाला आहे." आमची ही मात्र इतका वेळ गप्प होती, तिने विचारले, "त्याच्या आईला कधी कळलं असेल हो?"

कोणी काही बोलले नाही. विम्याचे ते कलम मी मोठ्याने वाचले नव्हते, तरी तिला ते ऐकू गेले असावे.

सूनबाईने लॅपटॉप पुन्हा ओढला. तिसऱ्या दिवशी सकाळी चामड्याच्या पिशव्यांची खरेदी होती. ती दुपारवर ढकलली आणि वर लिहिले, 'राजाराम महाराजांची छत्री.' मग मला विचारले, "अप्पा, तिथे फूल वाहिलं तर चालेल ना?"

चालेल, म्हटले. आणि दोघे नीट परत या.