झाडावरचं घर आणि पुराव्याची उंची

प्राथमिक साधन आणि दुय्यम साधन यांतला फरक बहुतेकांना पाठ असतो. पण साधन प्राथमिक आहे, डोळ्यांना स्पष्ट दिसतंय, म्हणून ते बिनधास्त वापरायचं का? आज याचं एक उदाहरण बघू.

शेतराखणीचं मचाण आपल्याला माहीत आहे. इंडोनेशियाच्या पापुआ भागातले कोरोवाई लोक मात्र झाडावर संसार करत आले. मोठं झाड निवडून त्याचा शेंडा छाटायचा, खोडाभोवती खांब रोवायचे, जमीन आणि भिंतींना झाडाची साल, छपराला सागो माडाची पानं. खिळे नाहीत, सगळी बांधणी वेताची. वर चढायला खाचा पाडलेला एक लाकडी सोट. अशी घरं काही वर्षंच टिकतात, मग नवं बांधायचं. म्हणजे हे कौशल्य इमारतीत साठत नाही, ते माणसांच्या हातांत राहतं.

1970 च्या दशकाच्या शेवटी डच मिशनरी तिथे पोचले. पुढे वान एंक आणि डी व्रीस यांचं भाषेवरचं पुस्तक 1997 मध्ये आलं, रूपर्ट स्टॅश यांचा मानववंशशास्त्रीय ग्रंथ 2009 मध्ये. दरम्यान पर्यटक आणि कॅमेरेही आले. कॅमेऱ्याला अर्थातच सगळ्यात उंच घर हवं असतं.

2011 मध्ये बीबीसीच्या ‘ह्यूमन प्लॅनेट’ मालिकेत एक कोरोवाई कुटुंब प्रचंड उंचीवरच्या नव्या घरात राहायला जाताना दाखवलं. दृश्य थक्क करणारं होतं. 2018 मध्ये दुसऱ्या एका माहितीपटाच्या वेळी कोरोवाई लोकांनीच सांगितलं, की असं घर आम्ही चित्रीकरणासाठी बांधलं, आम्ही त्यात राहत नाही. बीबीसीनेही चूक मान्य केली. रोजची घरं त्याहून पुष्कळ खाली असतात.

मी कोर्सवर्कच्या सेमिनारमध्ये याच दृश्याचा फोटो ‘पारंपरिक निवास’ म्हणून लावला होता. एका सरांनी विचारलं, “हे घर कुणी सांगितलं म्हणून बांधलं?” मला उत्तर देता आलं नाही. विज्ञानाचा विद्यार्थी असून, मोजणाऱ्यामुळे मोजमाप बदलतं हे मी इथे विसरलो होतो.

आता नीट विचार करा. ते घर खोटं होतं का? नाही. झाड खरं, वेताच्या गाठी खऱ्या, बांधणारे हात कोरोवाईंचेच. कोरोवाई किती उंच बांधू शकतात, या प्रश्नाला तो चांगला पुरावा आहे. ते कसे राहतात, या प्रश्नाला तो पुरावा नाही. आणि बाहेरच्यांच्या मागणीमुळे एखादी कला कशी बदलते, हा विषय घेतलात तर तोच प्रसंग तुमचं मुख्य साधन ठरेल.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना प्रत्येक साधनापुढे तीन गोष्टी लिहून ठेवा: हे कुणी घडवलं, कुणासाठी घडवलं, आणि माझ्या नेमक्या प्रश्नाला ते उत्तर देतं का. आणखी एक. सात वर्षं जे जगाला कळलं नाही, ते तिथल्या लोकांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांना विचारायला विसरू नका.