साखळदंडातले ग्रंथ

लॅपटॉपच्या कडेला सुमारे सात मिलिमीटर लांब आणि तीन मिलिमीटर रुंद अशी एक खाच पुष्कळदा आढळते, आणि तिचे प्रयोजन काय हे तो वापरणाऱ्यांपैकी अनेकांना अखेरपर्यंत ठाऊक नसते. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात केन्सिंग्टन या अमेरिकन कंपनीने रूढ केलेल्या या खाचेत कुलूप बसते, कुलपाला पोलादी तार असते, आणि ती टेबलाच्या पायाला वेढली म्हणजे वाचनालयात बसलेल्या विद्यार्थ्याने चहापुरते निर्धास्त उठावे अशी योजना आहे. ही युक्ती यंत्रयुगाची म्हणून कोणी मिरवू लागला तर त्याला ऑक्सफर्डला न्यावे. कारण विद्येचे साधन साखळीने जखडून ठेवण्याची वहिवाट तेथे सहाशे वर्षांहून जुनी आहे.

छपाईपूर्व काळी युरोपात ग्रंथ म्हणजे जनावरांच्या कातड्यावर महिनोन्‌महिने खपून लिहिलेला मौल्यवान जिन्नस होता. लिंकनचे बिशप रॉबर्ट ग्रोसटेस्ट यांनी 1240 मध्ये नियम घालून दिलेल्या सेंट फ्रिडेस्वाइडच्या पेटीतून ऑक्सफर्डच्या गरीब विद्यार्थ्यांना बिनव्याजी कर्ज मिळे; आणि अशा पेट्यांत तारण म्हणून जे जमा होई त्यात ग्रंथच फार असत. मुदतीत कर्ज फिटले नाही तर तारणाची विक्री होई. सावकारी व्यवहारात सोन्याचे जे स्थान तेच ज्या आवारात पोथीचे, तेथे चोराची दृष्टी तिच्यावर पडावी यात नवल ते काय?

पॅरिसच्या सॉर्बोनमध्ये 1289 च्या सुमारास, आणि ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयात चौदाव्या शतकात बांधलेल्या ग्रंथालयात, ग्रंथ साखळीने बांधलेले होते. साखळीचे एक टोक ग्रंथाच्या पुठ्ठ्याच्या कडेस खिळलेले, दुसऱ्या टोकाची कडी कपाटाच्या लोखंडी गजात ओवलेली, आणि गजाच्या शेवटास कुलूप. साखळी गुंतू नये म्हणून ग्रंथाची पाठ आत आणि पानांची कड बाहेर ठेवीत. हॅरिफर्डच्या कॅथीड्रलमधील 1611 च्या सुमाराची कपाटे आजही तशीच पाहावयास मिळतात. साखळीची लांबी एवढीच, की ग्रंथ समोरच्या मेजावर उघडावा, पण उंबरठा ओलांडू नये.

या साखळीत अविश्वास पाहणाऱ्यांशी मी सहमत नाही. महाविद्यालयातले इतर ग्रंथ अध्यापकांना वाटून दिले जात आणि मग ते त्यांच्या खोलीत, त्यांच्या पेटीत बंद होत. साखळीतला ग्रंथ मात्र दालनात येणाऱ्या प्रत्येक अधिकारी वाचकाचा. बंदिवान तोच, सार्वजनिकही तोच! पुढे छापील पुस्तके स्वस्त झाली तेव्हा हा बंदोबस्त निरर्थक ठरला. ऑक्सफर्डच्याच बॉडलियन ग्रंथालयाने 1757 पासून साखळ्या काढण्यास आरंभ केला, आणि मर्टनमध्येही त्या अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरल्या.

लॅपटॉपची तार या साखळीची वंशज खरी, पण तिचा हेतू संकुचित. ती वस्तूच्या बाजारभावाचे रक्षण करते; कुलूप हिसकले तर यंत्राची कड फुटावी आणि चोरीच्या मालाची किंमत उतरावी, एवढाच तिचा हिशेब. मार्च 2005 मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका कचेरीतून एक लॅपटॉप चोरीस गेला. त्यात 98,000 हून अधिक व्यक्तींची खासगी माहिती होती; आणि 2003 पासून अमलात असलेल्या कायद्यान्वये विद्यापीठाला त्या साऱ्यांना कळविणे भाग पडले. यंत्राची किंमत त्या प्रकरणात जमेसही धरण्यासारखी नव्हती. तेव्हापासून अशा संस्थांत तारेच्या जोडीला यंत्रातील मजकूर सांकेतिक लिपीत कुलूपबंद करण्याचा आग्रह वाढत गेला.

आतल्या मजकुराची चिंता जुन्या विद्यापीठांनी वेगळ्या रीतीने वाहिली होती. पॅरिस व बोलोन्या येथील ग्रंथविक्रेते तेराव्या शतकात तपासलेली मूळ प्रत सुट्या फर्म्यांत ठेवीत, आणि विद्यार्थी एकेक फर्मा भाड्याने नेऊन स्वहस्ते नक्कल करी. त्याची नक्कल चोरीस गेली तरी मूळ दुकानात शाबूत असे. मात्र पुन्हा भाडे भरून, पुन्हा दौत-लेखणी घेऊन, हिवाळाभर बसावे लागे. आज तीच नक्कल काही मिनिटांत निघते. तरीही प्रबंधाची एकुलती एक प्रत ज्या यंत्रात आहे ते मेजावर उघडे टाकून, शेजारच्या अनोळखी वाचकाला 'जरा लक्ष ठेवा हं' म्हणून चहाला जाणारे महाभाग मी पाहिले आहेत, आणि त्या शेजाऱ्याची जागा स्वतः दोनदा भूषविलीही आहे.